बडोद्याहून पूर्वेला ग्रॅव्हल सायकल: आधी वढवाण्याचा जुना कालवा, मग जांबुघोड्याचे रान

ओरसंगकाठ (धागाकर्ता)

बडोद्यात कोणी ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल) घेतली की त्याला पहिला सल्ला मिळतो तो नर्मदेच्या मुख्य कालव्यावर जाण्याचा. कालवा मोठा आहे, काठाने सलग रस्ता आहे आणि नकाशावर निळी रेघ ठळक दिसते, त्यामुळे सल्ला देणाऱ्याचेही काम सोपे होते. माझे मत असे की आपल्या भागातील ग्रॅव्हलची खरी मजा मुख्य कालव्यावर नाही. ती डभोईपलीकडच्या जुन्या गायकवाडी कालव्याच्या आसपासच्या गाडीवाटांवर आहे, आणि ज्याला पुढे जांबुघोड्याच्या रानात शिरायचे आहे त्याने हात, पाय आणि टायर आधी या वाटांवर तयार करावेत. ज्यांचे मत निराळे असेल त्यांनी अवश्य लिहावे, म्हणूनच हा धागा काढला आहे.

शहराच्या पूर्वेला जमीन हळूहळू चढत जाते. डभोईपर्यंत काळी, सपाट, कापसाची माती लागते. संखेडा आणि बहादरपूरकडे ओरसंग नदीचा रेताड पट्टा सुरू होतो. बोडेलीनंतर मुरूम आणि खडक वर येतात आणि जांबुघोड्याला टेकड्या व साग. एकाच दिशेने सत्तर-ऐंशी किलोमीटर गेल्यावर चाकाखालची जमीन इतक्या वेळा बदलते, असा दुसरा पट्टा बडोद्याच्या जवळपास मला माहीत नाही.

जुना कालवा म्हणजे जोजव्याचा. ओरसंग नदीवर जोजवा येथे बंधारा आहे आणि तिथून निघालेले पाणी वढवाण्याच्या तलावात येते. हा तलाव बडोदे संस्थानाने १९१० च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी बांधला. २०२१ साली त्याचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला, त्यामुळे हिवाळ्यात पक्षिनिरीक्षकांची गर्दी होते. मात्र तलाव मुळात शेतकऱ्यांसाठी आहे आणि आजूबाजूच्या सगळ्या वाटा त्याच हिशेबाने आखल्या गेल्या आहेत. कालव्यातून चारी (शेतात पाणी नेणारा छोटा पाट) निघते, चारीच्या कडेने बैलगाडी जाईल एवढी वाट असते, आणि ती वाट शेवटी कुठल्यातरी गावात किंवा एखाद्याच्या खळ्यात जाऊन थांबते. ग्रॅव्हल सायकलला याहून काय हवे? मुख्य कालव्यावर एकदा चढल्यावर पुढचा पूल येईपर्यंत उतरण्याची सोय नसते. इथे दर दोन-तीन किलोमीटरवर गाव, झाड आणि हातपंप आहे.

मार्गाची कल्पना अशी: बडोद्याहून केळनपूर, भिलापूर, डभोई, तिथून डांबरी रस्ता सोडून वढवाणा, मग चाऱ्यांच्या काठाने गावे जोडत संखेडा, आणि दम असल्यास ओरसंगच्या बाजूने बोडेली. भिलापूरला ढाढर नदीच्या पुलावर क्षणभर थांबायला हरकत नाही. १७३१ साली पहिल्या बाजीरावाने त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला तो याच परिसरात, आणि गुजरातेत गायकवाडांचे बस्तान पुढे कसे बसले याचा एक धागा तिथून निघतो. तेवढे सोडले तर डभोईपर्यंतच्या रस्त्यात सायकलस्वाराला गोडी वाटावी असे काही नाही. एकतानगरकडे जाणाऱ्या मोटारींमुळे तो रस्ता सुट्टीच्या दिवशी त्रासाचा झाला आहे, म्हणून उजाडायच्या आत डभोई गाठावी.

सागवान

धागा चांगला आहे, पण मुख्य कालव्याला तुम्ही फारच लवकर बाजूला सारले. नवशिक्याला सर्वांत आधी काय हवे असते? ट्रक नसलेला, चढ नसलेला आणि चुकण्याची भीती नसलेला रस्ता. सरदार सरोवरापासून राजस्थानच्या सीमेपर्यंत गुजरातेत हा कालवा ४५८ किलोमीटर आहे आणि त्याचा उतार इतका अल्प ठेवलेला आहे की सायकलवर तो जाणवतही नाही. हात कुठे ठेवायचे, टायरमध्ये हवा किती ठेवायची, सैल खडीवर पुढचे चाक कसे हलके सोडायचे, हे सगळे तिथे निवांत शिकता येते. शिवाय हेरण आणि ओरसंग या नद्यांवरून कालवा जलसेतूने पलीकडे जातो. खाली नदीचे वाळवंट, वर एवढा मोठा पाण्याचा प्रवाह, हे दृश्य एकदा तरी पाहण्यासारखे आहे. तुमच्या चाऱ्यांवर असे काही आहे का?

मांडवीचा रहिवासी

सागवान यांनी सांगितलेले सर्व मान्य करूनही दोन गोष्टी मांडतो, कारण त्या कोणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट कायद्याची. मुख्य कालव्याच्या काठचा रस्ता हा देखभालीचा रस्ता आहे. काही ठिकाणी गावकरी त्यावरून रोज ये-जा करतात, काही ठिकाणी फाटक लावून पहारेकरी बसवलेला असतो. फाटक असेल तिथे सायकल उचलून पलीकडे टाकण्याचा पराक्रम करू नये. पहारेकऱ्याने परत फिरवले तर नमस्कार करून परत फिरावे. एका गटाने तिथे हुज्जत घातली आणि त्यानंतर बराच काळ त्या फाटकावर आम्हा सगळ्यांनाच उभे केले गेले नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती अधिक गंभीर आहे. धरणाजवळ या कालव्याची वहनक्षमता सेकंदाला ४०,००० घनफूट आहे. वरून पाणी संथ दिसते, पण आत ओढ जबरदस्त असते. काठ काँक्रीटचा, तिरपा आणि पाण्याच्या रेषेपाशी शेवाळलेला असतो. बाटली भरायला किंवा तोंड धुवायला उतरलेल्या माणसाचा पाय तिथे सुटला, तर पोहता येत असूनही त्याला वर चढता येत नाही, कारण धरायला काहीच नसते. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात अशा बातम्या येतात. म्हणून नियम एकच: कालव्याच्या उतारावर पाऊल ठेवायचे नाही. जुने कालवे आणि तलाव यांच्या बाबतीत मगरीचे भान ठेवावे. विश्वामित्रीकाठी राहणाऱ्या बडोदेकरांना हे सांगायला नको, पण बाहेरून आलेला पाहुणा बरोबर असेल तर त्याला सांगावे.

फुफाटा

मार्ग कोणता चांगला याचा वाद चालू द्या. मी काट्यांबद्दल लिहितो, कारण या पट्ट्यात दिवस कसा जाणार हे बाभूळ ठरवते.

कालव्यांच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली असते. तिची छाटणी झाली की फांद्या वाटेवरच पडतात आणि आठवडाभरात धुळीत मिसळून जातात. तो काटा टायरमध्ये सरळ शिरतो आणि बाहेरून फक्त काळा ठिपका दिसतो. ट्यूब असलेले टायर घेऊन वढवाण्याच्या वाटेला गेलात तर पंक्चर काढण्यातच सकाळ जाईल. चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून रुंद ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारे द्रव), आणि हवेचा दाब साधारण तीस ते चाळीस पीएसआयच्या दरम्यान, वजनाप्रमाणे कमी-जास्त, हे आपल्याकडे योग्य ठरते. काटा दिसला तरी वाटेत तो उपटू नये. सीलंटने त्याच्याभोवती भोक बुजवलेले असते. घरी पोचल्यावर चिमट्याने काढावा, चाक फिरवून ते भोक खाली आणावे आणि फेस यायचा थांबला की पुन्हा हवा भरावी.

मात्र आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकते. डबीवर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नये. मार्चनंतर चाक कानाजवळ धरून हलवून पाहावे, आतून पाण्यासारखा आवाज आला नाही तर नवे घालावे. एवढे करूनही एक ट्यूब, टायर लिव्हर आणि हातपंप बरोबर असावाच, कारण डभोई सोडल्यावर ग्रॅव्हल सायकलच्या मापाची ट्यूब मिळणे नशिबावर आहे.

गियरबद्दल थोडक्यात: पुढे चाळीस दात्यांची चकती आणि मागे सर्वांत मोठी बेचाळीसची असेल तर जांबुघोड्याचे चढ बसून चढता येतात. त्याहून जड गियर असेल तर मुरमावर उभे राहून पेडल मारावे लागते, मागचे चाक पकड सोडते आणि शेवटी माणूस खाली उतरतो.

कारेलीबागेतून

मला आणि माझ्या मैत्रिणींना हा मार्ग करून पाहायचा आहे. आम्ही रस्त्यावरच्या सायकली बऱ्यापैकी चालवतो, पण कच्च्या वाटांचा अनुभव नाही. तीन शंका आहेत. एक, या चाऱ्यांच्या वाटा किती निर्जन असतात? दोन, परतीला सायकल चालवायची नसेल तर काही सोय आहे का? तीन, पावसाळ्यात जाणे अगदीच अशक्य आहे का, कारण हिरवे रान पाहण्याची आमची हौस त्याच दिवसांत असते.

ओरसंगकाठ

कारेलीबागेतून, तुमच्या शंकांमुळे सागवान यांच्या प्रश्नाचेही उत्तर देता येईल.

निर्जनतेच्या बाबतीत मी जुन्या कालव्याच्या बाजूने ठामपणे बोलेन. नोव्हेंबरपासून कापसाची वेचणी चालू असते, तुरीला शेंगा धरलेल्या असतात आणि पाणी सुटण्याच्या पाळीप्रमाणे शेतकरी चारीवर आलेले असतात. सकाळी आठ वाजता एखाद्या चारीच्या तोंडाशी थांबून पाहा. लोखंडी दाराचा आटेदार दांडा फिरवून कोणीतरी दार वीतभर उचलत असतो, पाणी फसफसत आत शिरते, आणि चारी जिथे फुटलेली असेल तिथे दुसरा कोणी फावड्याने चिखलाचे ढेकूळ लावून ती बुजवत असतो. तो तुम्हाला पुढची वाट सांगतो, आणि वाट ओली असेल तर न विचारता सांगतो. ‘आगळ पाणी छे’ (पुढे पाणी आहे) एवढे ऐकले की वाट बदलावी. मुख्य कालव्यावर तासभर गेलात तरी बोलायला माणूस मिळेलच असे नाही. सागवान म्हणतात तसा तिथला शांत रस्ता शिकायला चांगला आहे. पण एकट्याने किंवा दोघींनी जायचे असेल तर माणसांची वर्दळ असलेली वाट मला अधिक सुरक्षित वाटते. जलसेतूचे दृश्य पाहायला हवेच, त्यासाठी एखादी वेगळी सकाळ ठेवावी.

परतीसाठी आगगाडी आहे. प्रतापनगरहून डभोई आणि बोडेलीमार्गे छोटा उदेपूरकडे रेल्वे जाते आणि आता ती अलिराजपूरपर्यंत पोचली आहे. डभोईच्या रेल्वेचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रवासात निराळीच गंमत वाटेल. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली तेव्हा ती बैल ओढत असत. वाफेचे इंजिन त्यानंतर आले. आजच्या गाड्यांच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्याव्यात, कारण दुपारच्या वेळी बराच वेळ गाडी नसते.

पावसाळ्याबद्दल मात्र मी निराश करणार आहे. काळी माती भिजली की ती टायर, फोर्क आणि ब्रेक यांच्या मधल्या फटीत भरते, चाक फिरणे थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ही माती काडीने खरवडून निघत नाही, बोटांनीच उपसावी लागते.

धोंडे आणि मुरूम

पावसाळ्याच्या मुद्द्यावर धागाकर्त्यांशी थोडा मतभेद. काळ्या मातीबद्दल ते म्हणतात ते अक्षरशः खरे आहे, पण बोडेलीच्या पुढे माती बदलते हे त्यांनीच वर लिहिले आहे. मुरमावरून पाणी झटकन निचरून जाते. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की जांबुघोडा आणि पावी जेतपूरच्या बाजूच्या वाटा उत्तम होतात, धूळ बसलेली असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते रान जसे दिसते तसे जानेवारीत दिसत नाही. सायकल गाडीवर किंवा रेल्वेने बोडेलीपर्यंत न्यावी आणि तिथून चालवावी. ओहोळाला पाणी असेल तर थांबावे. टेकड्यांतला ओहोळ तासाभरात चढतो आणि तेवढ्याच वेळात उतरतोही.

बोडेली ते छोटा उदेपूर हा हमरस्ता शक्यतो टाळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्या भागात डोलोमाइटच्या खाणी आहेत आणि ओरसंगची वाळूही वाहून नेली जाते. ट्रकमागून जाताना पांढरी भुकटी डोळ्यांत आणि चेनमध्ये सारखीच बसते.

रानवाट

जांबुघोड्याबद्दल नीट लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘रान’ म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो आहोत ते अभयारण्य आहे. १९९० साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. साग, बांबू आणि मोह ही त्यातली मुख्य झाडे. त्याच्या मधून जाणारे सार्वजनिक डांबरी रस्ते सर्वांसाठी खुले आहेत, त्यावर सायकल चालवायला कोणाची हरकत नाही. डांबर सोडून आतल्या जंगलवाटेला लागायचे असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्यातील प्रवेशावर बंधने आहेत आणि ती सायकलीलाही लागू होतात. सायकल चालवताना आवाज होत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. प्रत्यक्षात आवाज नसणे हीच इथली अडचण आहे.

कारण या रानात अस्वल आहे. अस्वलाला ऐकू-दिसू बेताचेच येते, ते वासावर चालते, आणि वाऱ्याची दिशा उलटी असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. त्यात मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात, ती खायला अस्वल येते, आणि ती वेचायला गावातली माणसेही त्याच वेळी आलेली असतात. म्हणून मोहाच्या दिवसांत ऊन वर आल्याशिवाय रानाच्या रस्त्यावर सायकल घालू नये, वळणावर घंटा वाजवावी आणि संध्याकाळी दिवे लावून ‘थोडेच उरले आहे’ म्हणत चालवत राहू नये. बिबट्याही आहे, पण तो बहुधा आपल्याला पाहून आधीच निघून गेलेला असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जांबुघोड्याहून झंड हनुमानाचा रस्ता धरावा. तो अरुंद आहे, चढ-उतारांचा आहे आणि दोन्ही बाजूंना साग दाट आहे. शनिवारी आणि सणावारी भाविकांच्या गाड्या असतात, तेव्हा मधला वार निवडावा. कडा धरणाच्या बाजूचा रस्ताही सुरेख आहे. ज्यांना अजून पश्चिमेला उतरून परत यायचे आहे त्यांनी हालोलमार्गे पावागडच्या पायथ्याशी यावे. चांपानेरच्या जुन्या तटबंदीच्या आतल्या वाटा सायकलवरून पाहण्यात दुपार कशी जाते कळत नाही. २००४ पासून तो सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे, तेव्हा वास्तूंच्या आवारात सायकल घालू नये एवढे पथ्य पाळावे.

आणखी एक सांगायचे आहे, ते इथल्या राठवा आदिवासींच्या वस्त्यांबद्दल. घराच्या आतल्या भिंतीवर पिठोरा, म्हणजे देवाचे भित्तिचित्र, काढलेला असतो. तो नवसाचा असतो, त्यातले घोडे देवाचे असतात, आणि ती जागा त्या घराचे देवघर असते. पाणी मागायला म्हणून आत जायचे आणि मोबाइल काढून भिंतीचे छायाचित्र घ्यायचे, हे मी आपल्याच मंडळींना करताना पाहिले आहे. विचारले तर बहुतेक वेळा घरचे लोक कौतुकाने दाखवतात. होळीच्या सुमारास रस्त्यात मुले दोरी धरून ‘गोठ’ (होळीचे पैसे) मागतात, तेव्हा चिडू नये. थोडे सुटे पैसे खिशात ठेवावेत, ते नाचाचेच दिवस असतात.

सागवान

अस्वलाबद्दल इतके स्पष्ट कोणी लिहिले नव्हते. आभार. मुख्य कालव्यावर निदान अस्वल नाही, एवढे तरी धागाकर्त्यांनी मान्य करावे.

ओरसंगकाठ

मान्य. पण वाराही मोजा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो आणि मुख्य कालव्याच्या भरावावर आडोसा म्हणून एक झाडही नसते. चारीच्या वाटेवर लिंब, आंबा आणि शेतांची कुंपणे असतात, त्यामुळे बडोद्याकडे परतताना तोच वारा सोसण्याजोगा होतो. वढवाण्याच्या तलावाबाबतही एक विनंती: नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तिथे पट्टकादंब आणि चक्रवाक उतरलेले असतात, तेव्हा बांधावर सायकल न नेता ती खाली कुलूप लावून ठेवावी आणि वर पायी जावे. एक सायकल भरधाव गेली की संपूर्ण थवा उठतो आणि दुर्बिणी लावून बसलेले लोक योग्य ते शब्द वापरतात.

कारेलीबागेतून

सर्वांचे आभार. डभोई ते संखेडा एवढाच टप्पा आम्ही डिसेंबरात करावा असे ठरते आहे, रान त्यानंतर. एकच विचारायचे राहिले: रेल्वेत सायकल उभी तशीच नेता येते का?

फुफाटा

ताई, स्थानकावर आधी विचारून घ्या, पण तयारी ठेवायची ती सुटी करून नेण्याची. दोन्ही चाके काढा, हँडल फ्रेमला समांतर वळवा, मागचा डिरेलर (गियर बदलणारा भाग) कापडात गुंडाळा आणि सगळे पिशवीत भरून घ्या. डिस्क ब्रेक तेलाचे असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवायला विसरू नका. गर्दीत कोणाच्या हातून ब्रेकचा दांडा दाबला गेला की पॅड चिकटतात आणि प्रतापनगरला उतरल्यावर चाक बसत नाही. हे सगळे घरी एकदा घड्याळ लावून करून पाहा, कारण मधल्या स्थानकांवर गाडी फार वेळ थांबत नाही. संखेड्याला लाखेचे रंगीत लाकूडकाम करणारी दुकाने आहेत. तिथे झोपाळा पसंत पडला तर तो मात्र दुकानदारालाच घरी पोचवायला सांगा.